बुऱ्हाणपूरचा पंप आणि तवंदीचा घाट

माझी धाकटी बहीण बुऱ्हाणपूरला दिली, त्याला आता तीस वर्षं होतील. निपाणीहून एवढ्या लांब मुलगी द्यायची म्हणून आईला तेव्हा आठ दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. पण बेळगावला गोवा एक्स्प्रेस धरली की दुसऱ्या दिवशी भुसावळ, आणि तिथून गाडी बदलून रावेर ओलांडलं की आलंच बुऱ्हाणपूर. गाव मध्य प्रदेशात, २००३ साली खंडव्यातून वेगळा जिल्हा झाला, पण बाजारात मराठी बिनदिक्कत चालते. आपल्याकडं एकाच घरात मराठी आणि कानडी नांदतात, तसंच तिथं मराठी, हिंदी, उर्दू आणि निमाडी. तिथल्या जामा मशिदीत तर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. चारशे वर्षांपूर्वी एकाच भिंतीवर दोन भाषा कोरणारं गाव सीमाभागातल्या माणसाला परकं कसं वाटेल?

मुमताजमहलचं निधन इथंच झालं, १६३१ साली. ताजमहाल आग्र्याला उभा राहिला, पण ती आधी इथं तापीपलीकडच्या बागेत पुरली गेली होती. पाहुणे आले की बहिणीच्या घरचे हे सगळं दाखवतात. या वेळी मात्र मी एका पंपवाल्याच्या दुकानात अख्खा दिवस काढला. त्याचीच ही हकीकत.

बहिणीचा मुलगा पिकअप चालवतो. गाडी जुनी, यांत्रिक पंपाची, टर्बो नसलेली. आसपासच्या खेड्यांतून केळीचे घड आणायचे आणि केळी नसतील तेव्हा यंत्रमागांचं सूत आणि कापड वाहायचं, हा त्याचा धंदा. रात्री जेवताना तो म्हणाला, “मावशी, उद्या गाडीचा पंप वाढवून घेणार आहे. असीरगडच्या चढाला फारच दमते.”

माझा हात ताटातच थांबला. बहीण माझ्याकडं बघत होती. तिला ठाऊक होतं.

आमच्या ह्यांचाही एकेकाळी टेम्पो होता. निपाणीची तंबाखूची पोती कोल्हापूर, सांगलीकडं न्यायचे. कुणीतरी सांगितलं म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून घेतला. दोन महिने गाडी पळाली, तेव्हा हे घरी येऊन हसत सांगायचे, “आता घोडा झालाय घोडा.” मागं काळा धूर सोडायची, त्याचंही कौतुक. मग एका मे महिन्यात बेळगावहून भरून येताना तवंदीच्या घाटात इंजिनानं आवाज केला आणि जागेवर बसलं. खोलून बघितलं तर एका पिस्टनचं डोकं वितळलेलं. बँकेचे हप्ते शिल्लक, इंजिनाचा खर्च वेगळा. माझ्या पाटल्या गेल्या आणि शेवटी गाडीही गेली. पुढची अठरा वर्षं ह्यांनी दुसऱ्याच्या गोदामात हिशेब लिहिले. घरात त्यावर कधी कुणी बोललं नाही.

मी भाच्याला एवढंच म्हटलं, “उद्या मीपण येते.”

पंपाचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारातच डिझेलचा वास. आतला कारागीर सत्तरीकडं झुकलेला, सगळे त्याला चाचा म्हणत होते. मध्यभागी एक मोठं यंत्र. गाडीवरून उतरवलेला पंप त्यावर बसवतात, मोटरनं फिरवतात आणि पंपातून निघणाऱ्या प्रत्येक नळीचं डिझेल समोरच्या काचेच्या नळकांड्यांत पडतं. इतके फेरे, इतके मिलिलिटर, असा हिशेब. चार सिलिंडरची गाडी, म्हणून चार नळकांडी. आपल्याकडं दूध संघात फॅट मोजतात तेव्हा जशी शांतता असते, तशीच तिथं होती.

पंपावर ‘मायको’ अशी अक्षरं होती. ही कंपनी १९५१ साली बेंगळुरात सुरू झाली. २००८ पासून तिचं नाव बॉश झालं, पण गॅरेजवाल्यांच्या तोंडी अजून मायकोच आहे. नोझलचा कारखाना नाशिकला. म्हणजे पंप बेंगळूरचा आणि नोझल नाशिकचं. ही सोयरीक आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको!

भाच्यानं आपलं म्हणणं सांगितलं. चाचांनी पंपाकडं हातही नेला नाही. आधी एअर फिल्टर काढायला सांगितला. तो बाहेर आला तेव्हा मला गादीतल्या कापसाची आठवण झाली. यंत्रमागाच्या सुताचे तंतू आणि वर काळ्या मातीची धूळ, असा जाडसर थर. चाचा म्हणाले, “हिचं नाक दाबलंय आणि तुम्ही म्हणता तोंडात आणखी कोंबा.”

मग त्यांनी मला समजेल अशा रीतीनं सगळं सांगितलं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. आत घेतलेली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती तापून लाल होते म्हणा, आणि त्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडाला की ते आपोआप पेट घेतं. ताकद वाढवायची तर फवारा मोठा करायचा. पंपाला एक स्क्रू असतो, पूर्ण भाराला जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं ते तो ठरवतो. कारखान्यातून तो शिक्क्यानं बंद करून येतो. तो फिरवला की डिझेल वाढतं, आणि थोडं वाढवलं तर जोर खरोखरच वाढतो. यात फसवणूक काही नाही. फसवणूक पुढं आहे.

एक किलो डिझेल पुरतं जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा मिसळायला वेळ फार थोडा मिळतो, म्हणून धूर न होता जळायचं तर अठरा-वीस किलो तरी हवी. टर्बो असेल तर तो जादा हवा कोंबतो. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी ओढेल तेवढीच हवा. त्यापुढं घातलेलं डिझेल अर्धवट जळतं; त्याची काजळी होते, तीच मागून काळी निघते. जे जळतं ते उशिरा जळतं, त्याची उष्णता चाकाकडं न जाता पिस्टनवर आणि धुराच्या व्हॉल्व्हवर बसते. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. सपाटीवर हे कळत नाही, कारण ड्रायव्हर पाय काढतो आणि इंजिनाला उसंत मिळते. लांब चढाला, भरल्या गाडीनं, दुपारच्या उन्हात पाय दाबलेलाच राहतो. तिथं हिशेब होतो.

मी गप्प बसून ऐकत होते. तवंदीच्या घाटात त्या दुपारी काय झालं, हे मला इतक्या वर्षांनी बुऱ्हाणपुरात कळलं. ह्यांचं चालवणं चुकलं, असं सासरी सगळे म्हणायचे. चालवणं चुकलं नव्हतं.

माझ्या तोंडून आपसूक निघालं, “हासिगे इद्दष्टू कालु चाचु.” चाचांनी भाच्याकडं पाहिलं. भाच्यानं आईकडून शिकलेल्या मोडक्या कानडीतून सांगितलं, “अंथरूण असेल तेवढे पाय पसरा, म्हणते मावशी.” चाचा हसले. म्हणाले, “बस, हवा म्हणजे अंथरूण.”

पंप यंत्रावर चढला. तीन नळकांडी सारखी भरली, चौथं मात्र खाली राहिलं. म्हणजे एक सिलिंडर उपाशी आणि बाकी तिघं त्याचं ओझं ओढत होते. दोन नोझल फवारा न उडवता थेंब गाळत होते. चाचांनी चारही मापं सारखी करून ठरलेल्या आकड्यावर आणली, नोझल बदलले, आणि स्क्रूला नवी तार ओवून शिशाचा शिक्का मारला. पैसे घेताना भाच्याला म्हणाले, “पंप वाढवता येतो बेटा, ब्रेक वाढवता येत नाही.”

खरं दुखणं तेच होतं. गाडीला जोर कमी पडत नव्हता, घड जास्त चढत होते. एका खेपेत दोन खेपांचा माल न्यायचा, म्हणून जोर हवा. भाच्यानं ते घरी कबूल केलं. गाडीचा हप्ता, बहिणीचं औषधपाणी, त्याचंही काही खोटं नव्हतं.

नव्या गाड्यांत हा स्क्रूच उरला नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्या गाड्यांत किती डिझेल सोडायचं ते संगणक ठरवतो. आता काही जण त्यातला प्रोग्रॅमच बदलून देतात. पण हवेचा हिशेब तोच राहतो. वरून काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो आणि धुराच्या तपासणीत गाडी अडकते ती वेगळी.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं मला कुंडी भंडारा दाखवायला नेलं. १६१५ साली खान-ए-खानान अब्दुल रहीमच्या काळात तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं केलेली ही पाण्याची योजना. सातपुड्यातून तापीकडं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरलं आणि नुसत्या उतारावर गावात आणलं. वर शंभराहून जास्त कुंड्यांची रांग दिसते. आपल्या बीदर-विजापूरच्या करेज ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ओळख लगेच पटेल. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत तिचं नाव गेलं. मी एका कुंडीच्या काठाशी वाकून बघितलं. खाली पाणी संथ चाललं होतं. ना मोटर, ना पंप. डोंगर देईल तेवढं घ्यायचं, या बेतानं चारशे वर्षं चाललेलं.

घरी बहिणीनं मांडे मागवले होते. बुऱ्हाणपूरचा मांडा म्हणजे उलट्या कढईवर भाजलेली हातभर रुंद, रुमालासारखी रोटी. ती रश्श्याबरोबर खातात. आपल्या बेळगावच्या मांड्यात पिठीसाखर असते, कानडीत आपण मंडिगे म्हणतो. नाव एक, चव निराळी. बहीण म्हणाली, “अक्का, पहिली दहा वर्षं मला हा मांडा अळणीच लागायचा.”

निघायच्या आदल्या दिवशी भाचा असीरगडच्या रस्त्यानं केळी घेऊन निघाला. मी शेजारी बसले. या वेळी घड मोजून भरले होते. चढ लागला तशी त्यानं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मागून दोन ट्रक हॉर्न वाजवत पुढं गेले. मी आरशात बघत होते. मागं धूर नव्हता.

“हळू जाते गं,” तो म्हणाला.

“जाऊ दे,” मी म्हटलं. “वर पोचते ना?”