शाफ्टला वेल्डिंग मारू नकोस

जालना

चि. बाळ,


काल फोनवर तू सहज बोलून गेलास, 'मामा, ड्रमच्या डबल पेडलचा शाफ्ट सारखा घसरतोय, उद्या लोखंडी गेटवाल्याकडून वेल्डिंगच मारून घेतो.' तेव्हापासून मला चैन नाही. पत्र तुझ्या भावाच्याच हाती देतोय, म्हणजे तू दुकानात जायच्या आत पोहोचेल.

अरे, तो शाफ्ट एकात एक सरकणारा केलाय तो उगीच का? डावं पेडल आपल्या बेताने लांब-जवळ ठेवता यावं म्हणून. दोन्ही टोकांना क्रॉस जॉइंट, त्यांत बारीक बेअरिंगं. वेल्डिंगची धग तिथवर गेली की ग्रीस जळणार आणि डावा ठोका कायमचा जड होणार. आपल्या गावाला ही खोडच आहे. रोलिंग मिलची सळई ट्रक भरभरून बाहेर पाठवणारं हे जालना, पण काही हललं की मार वेल्डिंग! जे हलण्यासाठीच घडवलंय ते जखडायचं नसतं, हे मी मिलमध्ये सांगून सांगून थकलो. आता घरातही तेच सांगायचं का?

आधी नेमकं कुठे घसरतंय ते बघ. डाव्या पेडलचं टोक, मधली सरकती नळी, उजव्या पेडलचं टोक आणि डाव्या बीटरचा हब, या चारही ठिकाणी मार्कर पेनाने जोडावर आडवी रेघ ओढ. मग दहा मिनिटं जोरात वाजव. जिथली रेघ तुटली तिथला स्क्रू गुन्हेगार. तो काढून दांडा थिनरने पूस. तेलकट दांड्यावर कुठलाच स्क्रू धरत नाही. दांड्याला एक सपाट बाजू असते, स्क्रूचं टोक तिच्यावरच बसलं पाहिजे. गोल बाजूवर कितीही आवळलास तरी तो सुटणारच. सपाट बाजू झिजली असेल तर कानशीने हलक्या हाताने नीट कर. स्क्रूचे आटे गेले असतील तर नवे घाल, निळं लॉकटाइट लाव आणि सगळे आळीपाळीने थोडे थोडे आवळ. लाल लॉकटाइट नको, पुढे उघडताना रडशील.

आणि क्रॉसची दिशा! ट्रकचा जॉइंट शाफ्ट उतरवताना मेस्त्री आधी खूण करतो, कारण दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत नसले तर शाफ्ट झटके देतो. तुझ्या पेडललाही तोच नियम. खाली सतरंजी घट्ट अंथर. डावं पेडल पुढे सरकत गेलं की नळी ताणली जाते आणि पकड जाते.

ड्रमर लुई बेलसनने दोन पायांसाठी चक्क दोन बास ड्रम मांडले होते. 1983 साली ड्रम वर्कशॉप कंपनीचं 5002 पेडल आलं, त्यात एकाच ड्रमवर दोन्ही पाय चालले, ते या शाफ्टच्या जिवावर. एवढी मोलाची गोष्ट तू गेटवाल्याच्या हाती देणार? तुझे आजोबा आपली ढोलकी दुसऱ्या कुणाला चढवू देत नसत. फडावर पोहोचले की चहाच्या आधी ढोलकी. वाजवणाऱ्याला आपलं वाद्य उघडता आणि लावता आलंच पाहिजे, यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही.

पण खरी काळजी वेगळीच आहे. शाफ्ट घसरला की ठोका कमी पडतो, आणि तो भरून काढायला तू पाय आपटतोस. परतूरच्या कार्यक्रमानंतर जिन्यात पोटरी धरून बसला होतास, ते मी पाहिलंय. तुझ्या आईला बोललो नाही. आता दुखतंय का? सकाळी उठल्यावर घोटा आखडतो का? खरं सांग, आणि दुखत असेल तर पेडलच्या आधी डॉक्टर.

रविवारी पेडल घेऊन घरी ये. कानस, थिनर, स्क्रू सगळं माझ्याकडे आहे. तोवर उजव्या पायानेच वाजव.

तुझा,
मामा