पेण-रोह्याच्या वाटेवरचे दगड

खारपाड्याचा पूल ओलांडला की पेण तालुका लागतो. तिथून पुढे पूर्वी दगड मोजत जाता यायचं. मैलांच्या काळात दोन मोठ्या दगडांमध्ये फर्लांगाचे सात लहान दगड असत. किलोमीटर आले तसे ते गेले, आणि दर दोनशे मीटरला 2, 4, 6, 8 असे बुटके दगड आले. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्याचा. या रस्त्यावर पिवळ्या माथ्याखाली 17 लिहिलेलं असे. 2010मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले आणि 17चे 66 झाले. पुढच्याच वर्षी पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचं रुंदीकरण सुरू झालं, आणि कडेचे दगड राडारोड्याबरोबर भरावात गेले.

मोरीच्या कठड्यावर 27/3 असा आकडा असे. सत्ताविसाव्या किलोमीटरातली तिसरी मोरी. कुठे भगदाड पडलं हे मुकादमाला सांगायला तेवढा आकडा पुरे.

वड, चिंच, आंबे. खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे, पट्ट्यावर क्रमांक. झाडं तोडली तेव्हा क्रमांकही संपले.

‘जि. कुलाबा’ ही अक्षरं. शाळेच्या कोनशिलेवर, विहिरीच्या कठड्यावर, देवळाच्या पायरीवर देणगीदाराच्या नावाखाली अजून क्वचित दिसतात. 1 जानेवारी 1981ला कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. नाव रायगड झालं याचा आनंदच आहे. पण जुन्या कोनशिलेवर तैलरंग फासून नवं नाव लिहायची काय गरज? ज्या वर्षी ती बसवली त्या वर्षी जिल्हा कुलाबाच होता. दगडाने खरं तेच सांगितलं आहे.

पेणचं अंतोरं बंदर. भात आणि मीठ भरतीच्या पाण्यावर मचव्यांतून इथून जायचं. रस्त्याने येणाऱ्याला आता हे बंदर होतं असं सांगणारी एक पाटी नाही.

वडखळ नाका, वाकण फाटा, सुकेळी खिंड, भिसे खिंड. ही नावं एसटीच्या कंडक्टरांनी जिवंत ठेवली. वडखळला अलिबागची माणसं उतरायची, वाकणला पालीच्या गणपतीची. बाह्यवळणं आणि उड्डाणपूल झाले की फाटा खाली राहतो आणि गाडी वरून निघून जाते.

नागोठण्याचा जुना पूल मात्र उभा आहे. त्याच्याजवळ थांबायलाच हवं. आंबा नदीवरचा हा दगडी कमानींचा पूल निजामशाहीतला, 1580च्या सुमाराचा. चौलच्या काझी अल्लाउद्दीनने तो बांधला असं कुलाबा गॅझेटिअर सांगतं. कठड्यांमधली रुंदी जेमतेम दहा फूट. मोटारीसाठी तो बांधलाच नव्हता. लादलेले बैल, घोडे आणि पायी माणसं एकामागोमाग जातील, एवढाच त्याचा हिशेब. घाटावरून उतरलेला माल खाडीला लागायचा आणि बंदराचा माल वर चढायचा, तो या वाटेने. 1989च्या जुलैत आंबेला महापूर आला, वरच्या अंगाचं जांभूळपाडा उद्ध्वस्त झालं. ते पाणीही या पुलाने अंगावर घेतलं. महाराष्ट्रात चारशे वर्षांपलीकडचे नदीवरचे पूल किती उरलेत? हा एक आहे, आणि महामार्गावरून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो ठाऊकही नाही. माझ्या मते पेण-रोह्याच्या सगळ्या वाटेवर याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

माणसांच्या पाट्या लागतात, हे चांगलंच आहे. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, 11 सप्टेंबर 1895चा, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळायलाच हवं. कामाच्या खुणांना तो मान मिळत नाही, एवढंच दुखतं.

रोह्याला एक शून्य आहे. कोकण रेल्वेचे किलोमीटर तिथून मोजतात. या शून्याला तूर्त धोका नाही.

शिवेवरचा शेंदराचा दगडही वाचतो. रुंदीकरणात तो हलवायचा झाला तर गाव गोळा होतो, नारळ फुटतो, नवी जागा ठरते, मगच जेसीबीचा हात लागतो. आकडे कोरलेल्या दगडासाठी कोणी गोळा होत नाही.

तेव्हा पेण-रोह्यातल्या वाचकांना एक विनंती. आपल्या गावच्या हद्दीत मैलाचा दगड, जुनी कोनशिला, मोरीवरचा सालाचा आकडा असं काही उरलं असेल तर त्याचा फोटो काढा, अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या आणि तो कुठे आहे ते लिहून एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. रस्त्याचं काम तुमच्या गावाशी आलंच असेल, तर दगड उचलून शाळेच्या आवारात उभा करायला ठेकेदाराला सांगा. त्याला त्याचा अर्ध्या तासाचाही खर्च नाही.