दुल्हाभाईंचा माग

दोन वर्षांपूर्वी निकाल लागला आणि माझा भाचा ‘थिअरी ऑफ मशिन्स’मध्ये दुसऱ्यांदा नापास झाला. तो विषय त्याला मीच शिकवत होतो. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला एकोणीस वर्षं हाच विषय माझ्याकडे आहे. माझ्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, दुसऱ्या कॉलेजची मुलंही नेतात. याचा मला अभिमान होता.

रात्री आपाचा फोन आला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तूच शिकवतोस ना रे? मग घरच्या पोराला कळंल असं नाही का शिकवता येत?” पाठीमागून दुल्हाभाईंचा आवाज आला, “राहू दे आता. उद्यापासून येईल माझ्याबरोबर कारखान्यावर.”

दुल्हाभाई इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहेत. तीस वर्षं दुसऱ्यांचे माग दुरुस्त करण्यात गेली. पोराच्या हाताला ते तेल लागू नये म्हणून त्यांनी फीसाठी कर्ज काढलं होतं. तोच माणूस आता पोराला मागावर न्यायला निघाला होता.

रविवारी मी समजूत घालायला गेलो. घरी कुणी नव्हतं, म्हणून थेट कारखान्यावर. तिथं बोलणं शक्यच नसतं, खडखडाटात माणसं हातानं आणि ओठांनी बोलतात. एक माग बंद होता. दुल्हाभाई खाली उकिडवे बसले होते आणि भाचा चाक हातानं हळूहळू फिरवत होता. धोटा मधेच अडकत होता.

“मामू, बघा,” तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, “वरचा शाफ्ट दोन फेरे फिरतो तेव्हा खालचा एकच फिरतो. वेळ इथंच चुकलीय.”

“खालचा अर्धाच का?” मी विचारलं.

“धोटा जाऊन परत यायला वरच्याचे दोन फेरे लागतात. खालच्यावर दोन टॅपेट आहेत. एक डावीकडून मारतो, एक उजवीकडून. दोघांची पाळी एकेकदा आली की खालच्याचा एक फेरा पुरा.”

मी तसाच उभा राहिलो. युनिट टेस्टमध्ये मी विचारलं होतं, फोर स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्टचा वेग क्रँकशाफ्टच्या निम्मा का असतो? या मुलानं जागा कोरी सोडली होती. तीन ओळींचं उत्तर मी वर्गात लिहून दिलं होतं, ते त्याला आठवलं नव्हतं.

चहाच्या गाड्यावर मी त्याला तोच प्रश्न पुन्हा घातला. तो थोडा वेळ ग्लासकडे बघत बसला. “म्हणजे व्हॉल्व्हपण दोन फेऱ्यांत एकदाच उघडायचा असतो? मग हा तर आमच्या मागाचाच हिशेब! असं कुणी सांगितलंच नाही.”

ते ‘कुणी’ म्हणजे मी.

त्या दिवशी आणखी एक धडा मिळाला, तो दुल्हाभाईंकडून. ते सहज म्हणाले, “फणी मागं गेली की जरा दम खाते, तेवढ्यात धोटा पार होतो. पुढं येताना मात्र ठोका जोरात देते.” क्रँक आणि कनेक्टिंग रॉडचं त्वरणाचं सूत्र मी दर वर्षी दीड फळा भरून सिद्ध करतो. त्यात शेवटी एक पद येतं, ‘कॉस टू थीटा भागिले एन’. एन म्हणजे रॉडची लांबी क्रँकच्या किती पट आहे ते. मी मुलांना सांगायचो, एन मोठा असेल तर हे पद सोडून दिलं तरी चालतं. मागात रॉड क्रँकच्या मानानं आखूड असतो, एन लहान. मी सोडून द्यायला सांगत होतो त्या पदामुळेच फणी मागं रेंगाळते आणि धोट्याला वाट मिळते. जे दुल्हाभाईंना कानानं कळतं ते माझ्या वर्गात एकोणीस वर्षं नुसतं खडूनं लिहिलं गेलं.

आपल्या सभांमध्ये अल-जझरीचं नाव फार अभिमानानं घेतात. 1206 साली त्यानं यंत्रांवरचा ग्रंथ पुरा केला, पाणी उपसण्याच्या पंपात क्रँक वापरला. सगळं खरं आहे. पण सभेतून घरी आलो की आपणच पोराला सांगतो, गॅरेजवर बसू नकोस, हात काळे होतील. मीही माझ्या मुलाला सांगितलं आहे.

त्या जूनपासून मी नोट्स देणं बंद केलं. इचलकरंजीत जुने माग किलोवर भंगारात जातात. तसा एक घेतला, पैसे पदरचे. मुलांनी तो प्रयोगशाळेत जोडला. आता आधी यंत्र हातानं फिरवायचं, पुढं काय होईल ते प्रत्येकानं वहीत लिहायचं, शेजाऱ्याशी भांडायचं आणि मग फळ्याकडे वळायचं. ही काही माझी अक्कल नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक 1990च्या दशकापासून अशाच तऱ्हेनं मुलांना एकमेकांशी बोलायला लावतात. 2014 साली विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांचे 225 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्यांत सुमारे 34 टक्के मुलं नापास होत होती, हातानं-तोंडानं काही करणाऱ्या वर्गांत सुमारे 22 टक्के.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पहिल्या वर्षी माझे दोन धडे घाईत उरकले. सत्तर मुलांच्या वर्गात एक माग, मागच्या रांगेला दिसतच नाही. वर्गात पहिली येणारी मुलगी चिडून म्हणाली, “सर, परीक्षेत माग येणार आहे का?” तिचं चुकलं नव्हतं. पेपरात अजून ‘सिद्ध करा’ला दहा मार्क आहेत. हार्वर्डमध्येच 2019 साली दिसून आलं की अशा वर्गात मुलं शिकतात जास्त, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. ते वाचून मला बरं वाटलं, तिला वाटलं नाही. पेपर बदलल्याशिवाय एकट्या शिक्षकाची धडपड फार लांब जाणार नाही, असं मला वाटतं. आणि फायलींबद्दल तर बोलायलाच नको. विद्यार्थी किती शिकला याची टक्केवारी आम्ही दर सत्राला तक्त्यात भरतो. भाचा दुसऱ्यांदा नापास झाला त्या सत्रात माझ्या विषयापुढे मीच ‘उद्दिष्ट साध्य’ असं भरून सही केली होती.

भाचा तिसऱ्या खेपेला पास झाला, 46 मार्कांनी. आपानं शिरखुर्मा पाठवला, ईद नसताना. दुल्हाभाई सत्रातून एकदा सुट्टी काढून कॉलेजात येतात आणि मुलांच्या गराड्यात माग चालवून दाखवतात. गेटवरचा वॉचमन त्यांच्या नावापुढं कामाच्या रकान्यात ‘दुरुस्ती’ लिहितो.

भाच्याचा ‘हीट ट्रान्सफर’ अजून बाकी आहे. तो विषय दुसरे सर शिकवतात. परवा आपाचा फोन होता, “सायझिंगवाल्यांचा बॉयलर बघायला मिळंल, ह्यांच्या ओळखीचे आहेत. त्याचा काही उपयोग होईल का रे?”