माहेरचं दार

मैत्रिणींनो, आपल्याला नातवंडं झाली तरी माहेरच्या उंबऱ्यावर पाऊल टाकलं की आपण पुन्हा कुणाची तरी लेक होतो. चहाचा कप हातात आयता येतो, आई नसली तर वहिनी देते. भांडून आलो तरी, रडत आलो तरी दार उघडं असतं. निदान असावं, अशी आपली अपेक्षा असते. पण ज्या मुलीला माहेराची सगळ्यांत जास्त गरज आहे, तिलाच जर माहेर म्हणालं, 'तू येऊ नकोस', तर? हे खरंच घडलेलं आहे. आपल्या मुंबईशी त्याचा जवळचा संबंध आहे, म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले आहे.

आमच्या वसाहतीच्या रखवालदाराची बायको नेपाळची. हरितालिकेच्या दिवशी तिला उपासाचं काही द्यावं म्हणून गेले, तर तिचाही कडक उपास! भाद्रपद शुद्ध तृतीया, आपली हरितालिका, तीच त्यांची तीज. तिकडे तीजेला लेकींना माहेरी बोलावतात आणि आदल्या रात्री पोटभर गोडधोड खाऊ घालतात. माहेराला त्यांचा शब्द आहे 'माइती'. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. मग तिने लग्नानंतर पहिल्यांदा इकडे येतानाची हकिगत सांगितली. सीमेवर बायकांनी बस थांबवली, तिला एकीकडे घेतलं आणि नवऱ्याला दुसरीकडे. "लग्न कधी झालं? सासूचं नाव काय? कुठे चाललीस?" हेच प्रश्न दोघांना वेगवेगळे विचारले. उत्तरं जुळली तेव्हा कुठे सोडलं. "तेव्हा फार राग आला होता, भाभी," ती म्हणाली, "आता वाटतं, बरं केलं."

असं का विचारतात, ते बघा. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. या दोन देशांच्या लोकांना सीमा ओलांडायला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. १,७०० किलोमीटरांहून लांब अशी ही उघडी सीमा. तिच्यामुळे लाखो गरिबांना रोजगार मिळाला, दोन्हीकडच्या घरांत सोयरिकी झाल्या. पण ज्या वाटेने नवी नवरी येते, त्याच वाटेने दलालही मुलगी घेऊन येतो. दोघी बसमध्ये शेजारी बसल्या तर कोणती कोण, हे ओळखायचं कसं?

आणि दलाल म्हणजे काही सिनेमातला मिशीवाला गुंड नव्हे हो! तो बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. गावातला कुणी, लांबचा मामा, शहरातून नटूनथटून आलेली एखादी 'दीदी'. कुणी नोकरी देतो म्हणतो, कुणी लग्नाची मागणी घालतो, कुणी तर खरोखर लग्न लावूनच घेऊन जातो. सिंधुपाल्चोक, नुवाकोट या काठमांडूजवळच्या डोंगराळ जिल्ह्यांतून अशा कित्येक मुली आल्या. काही आधी काठमांडूच्या गालिच्यांच्या कारखान्यात लागल्या आणि तिथून पुढे विकल्या गेल्या. कामाठीपुऱ्यात पोचल्यावर मुलीला कळे, की आपल्यासाठी कुणी पैसे मोजलेत, आणि ते 'कर्ज' आपणच फेडायचं आहे. हिशेब मालकिणीच्या वहीत. खाणं, कपडे, औषधं सगळं त्यात चढत जायचं. असं कर्ज फिटतं का कधी?

१९९६च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कुंटणखान्यांवर मोठे छापे पडले. शेकडो मुली सुटल्या, त्यांत २००हून अधिक नेपाळच्या होत्या. आपल्याला वाटेल, सुटली बिचारी! पण खरी परीक्षा पुढेच होती. महिनोन्महिने त्या सरकारी गृहांत अडकून पडल्या. त्यांचा देश त्यांना परत घ्यायला चटकन पुढे येईना. 'या एड्स घेऊन येतील' अशी ओरड तिकडे झाली. शेवटी नेपाळमधल्या काही स्वयंसेवी संस्था पुढे सरसावल्या आणि त्याच वर्षी १२८ जणींना मायदेशी घेऊन गेल्या. त्यांतली एक संस्था अनुराधा कोइराला या शिक्षिकेने १९९३ साली काढलेली. नाव काय ठेवलं असेल? 'माइती नेपाल'. माहेर! ज्यांना स्वतःचं माहेर उरलं नाही, त्यांच्यासाठी. सीमेवर बस थांबवून विचारपूस करण्याचं काम याच संस्थेने उभं केलं, आणि त्या कामात स्वतः हे भोगून परतलेल्या मुलीही आहेत. फसलेली पोर बसच्या खिडकीत कशी बसते, हे त्यांच्याइतकं कोण ओळखणार?

परत गेलेल्यांचं पुढे काय झालं? चरीमाया तमांग ही सिंधुपाल्चोकची. सोळाव्या वर्षी विकली गेली, बावीस महिने त्या नरकात राहिली. गावी गेली तर गावाने पाठ फिरवली. पण ती खमकी निघाली. विकणाऱ्यांविरुद्ध तिने स्वतः जाऊन फिर्याद नोंदवली आणि १९९७ साली आठ जणांना शिक्षा झाली. तिने आणि तिच्यासारख्याच मैत्रिणींनी 'शक्ति समूह' ही संस्था उभी केली. २०१३ साली या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण या मुलींना साधा नागरिकत्वाचा कागद मिळवतानाही नाकी नऊ आले, कारण तेव्हा त्यासाठी बापाचा नाहीतर नवऱ्याचा आधार लागे. बाप ओळख दाखवेना, आणि नवरा? कित्येकींना विकणारा नवराच तर होता!

तुम्ही म्हणाल, हे नेपाळचं झालं, आपल्याला काय त्याचं? पण गिऱ्हाईक कुठलं होतं, मैत्रिणींनो? कामाठीपुरा काही काठमांडूत नाही. आणि 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न तिकडच्या डोंगरात जसा आहे, तसाच आपल्या वाड्यात, चाळीत, फ्लॅटमध्येही आहे. फूस लावून नेलेली मुलगी परत आली की आपल्याकडेही पहिलं वाक्य येतं, "ती आपल्या पायांनीच गेली ना?" दलालाला हेच हवं असतं. "परत गेलीस तरी तुला घरात कोण घेणार?" असं तो तिला रोज सांगत असतो. आपण ते खरं करून दाखवतो. कुलूप तो लावतो आणि किल्ली आपण फेकून देतो!

कायदा मात्र या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. २०१३ साली आपल्या दंडसंहितेत दुरुस्ती झाली, आणि जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही १४३ कलमात ते कायम आहे. धाकाने, फसवणुकीने वा आमिषाने माणसाची खरेदीविक्री झाली असेल, तर तिची संमती होती की नव्हती हे बघायचंच नाही. 'आपल्या पायांनी गेली' हा बचाव न्यायालयात चालत नाही. मग तो आपल्या ओट्यावर का चालावा?

आपल्या हातात काय आहे, म्हणता? थोडं आहे, पण आहे. शेजारी लांबच्या गावाहून एखादी कोवळी पोर कामाला आली, तर तिच्याशी बोला. आईशी शेवटचं कधी बोललीस, पगार कुणाच्या हातात पडतो, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. शंका आली तर मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कामवालीच्या मुलीला परगावचं स्थळ किंवा नोकरी आली, तर "पत्ता घे, आधी कुणीतरी जाऊन बघून या," असं तिला आवर्जून सांगा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपल्या लेकींना, भाच्यांना, कामवालीच्या पोरीलासुद्धा एक वाक्य आत्ताच, काही घडायच्या आधीच सांगून ठेवा. "कुठेही फसलीस, कशीही असलीस, तरी सरळ घरी ये. आधी जेवायला वाढेन, मग काय ते विचारीन." हे वाक्य जिच्या कानात पक्कं बसलंय, तिला कुणी दलाल 'तुला परतायला जागा नाही' असं पटवू शकणार नाही.