राजगडाहून तोरण्यास

वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. सभासदाची बखर शिकवताना कुणी एका गडावरून दुसऱ्या गडावर गेल्याचा उल्लेख आला, की माझी जीभ आपली पुढच्या वाक्याकडे धावते. गेल्या वर्षी अशाच एका तासाला पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, राजगडाहून तोरण्याला जायला किती वेळ लागतो?"

"असेल दोन तासांची वाट!" मी ठोकून दिले. वर्गाने ते इमानाने वहीत उतरवले. फक्त शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून हसला. तो वेल्ह्याकडचा, हे मला मागाहून कळले.

ते हसू काही केल्या मनातून जाईना. मार्गशीर्षातली एक सुटी गाठून मी निघालो. "या वयात एकटे कसले जाता, कुणाला तरी सोबत घ्या," असे आमच्या मंडळींचे म्हणणे. पण सोबती घेतला म्हणजे तो पुढे आणि मी मागे. वाट कळायची ती त्याला. शेवटी तिळाचे चार लाडू आणि पोचल्यावर फोन करण्याची शपथ घेऊन सुटलो.

गुंजवण्यात एका घरी रात्री अंग टाकले आणि पहाटे चारला विजेरी घेऊन चढू लागलो. चोरदरवाज्याची ही वाट नावाप्रमाणेच आहे. अंगावर येते आणि तोंड दाखवत नाही. विजेरीच्या उजेडात दिसते ती पुढची पायरी तेवढी. बाकी सगळा अंधार आणि त्या अंधारात स्वतःच्या छातीचा भाता. पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा पूर्व जेमतेम पांढुरली होती. सव्वीस वर्षांच्या आसपास स्वराज्याची राजधानी नांदली ती याच डोंगरावर. सईबाईसाहेबांनी १६५९ साली डोळे मिटले तेही इथेच. तळ्याकाठी हात जोडून पुढे झालो.

संजीवनी माची म्हणजे राजगडाने पश्चिमेकडे लांबवलेला हातच. दुहेरी तटाच्या कडेने जात होतो तोच पाठीमागून सूर्य उगवला आणि माझी सावली लांबच लांब पुढे पडली, थेट तोरण्याच्या दिशेने. दोन्ही अंगांच्या दऱ्या धुक्याने काठोकाठ भरलेल्या. त्यातून राजगडापासून तोरण्यापर्यंत डोंगराची एक काळी धार तेवढी वर उरलेली, मध्ये खचलेली, पलीकडे पुन्हा उंचावलेली. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला अशी परंपरा आहे. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. या धारेवर उभे राहिले म्हणजे ही वाटणी मोठी चमत्कारिक वाटते.

घड्याळात सात वाजले होते. अळू दरवाज्यातून बाहेर पडलो. उतार घसरणीचा, काही ठिकाणी प्राध्यापकपणा बाजूला ठेवून बसूनच उतरावे लागले. मग धारेवरची गवताळ वाट लागली आणि पुढे करवीचे रान. करवी पुरुषभर उंच. तिच्यात शिरले की डावे-उजवे सारखेच. तिथे दोन वाटा फुटल्या. रुळलेली दिसली ती मी धरली. अर्ध्या तासाने धुके विरले आणि भाटघरच्या धरणाचे पाणी समोर दिसले. छान देखावा! पण तो जवळ जवळ येत होता. मी धार सोडून दक्षिणेच्या सोंडेवरून खाली चाललो होतो. जिला मी राजमार्ग समजलो ती गुरांनी पाडलेली वाट होती.

उलटा फिरलो तर मागची वाटही सापडेना. "कुणी आहे का?" म्हणून हाक मारली. स्वतःचाच आवाज इतका परका वाटला की दुसरी मारली नाही. मोबाईल काढला, तो मुका. घाम थंड पडू लागला. बखरीतली माणसे या रानातून रात्री-बेरात्री ओझ्यांनिशी गेली असतील, आणि मी ती एका श्वासात वर्गापुढून नेत आलो होतो. शेवटी वाटेचा नाद सोडला आणि करवीचे बुंधे धरधरून सरळ वर चढत राहिलो. धारेवर वारा लागला तेव्हा खाली बसून दोन लाडू खाल्ले. हात थरथरत होते.

खिंडीतला रस्ता ओलांडल्यावर एका धनगराच्या घरी म्हातारीने ताक दिले. "एकलंच? संगं कुनी न्हाय?" तिने विचारले आणि माझ्या ओरखडलेल्या हातांकडे पाहून गडवाभर आणखी ओतले. तिथून बुधला माचीची चढण जीव खाणारी. शिडी चढून तोरण्यावर पाऊल ठेवले तेव्हा सव्वा वाजला होता. सव्वासहा तास! वर येताच मोबाईलला वाचा फुटली. घरी फोन लावला. "पोचलो," म्हणालो, करवीचे काही बोललो नाही.

सोमवारी वर्गात गेल्यावर आधी वह्या उघडायला लावल्या. "दोन तास खोडा," म्हटले, "सव्वासहा लिहा."

शेवटच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. "करवीत चुकलात ना, सर?"

"चुकलो."

"तिथं समदे चुकतात," असे म्हणून तो खाली बसला आणि वहीतला आकडा खोडू लागला.