किती दिवसांसाठी आलास?

परदेशी गेलेला मुलगा घरी आला, की आमच्या वसईत त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच : "किती दिवसांसाठी आलास?" रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर उभे असतो, तेव्हा आम्हीही तो विचारतो. पंधरा दिवस म्हटले, की ऐकणारा हळहळतो. दोन महिने म्हटले, की त्याची कळी खुलते. हा प्रश्न निव्वळ मायेचा आहे, अशी आमची कैक वर्षे समजूत होती. तो कायद्याचाही आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. आणि त्या उशिराची किंमत आम्ही नव्हे, दुसऱ्याच एका कुटुंबाने मोजली. म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट २०१६ सालची. आम्ही तेव्हा ज्या धर्मग्रामात होतो, तेथील एका वृद्ध माउलीला जून महिन्यात पक्षाघाताचा झटका आला. तिचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत. ऑगस्ट २०१३ मध्ये त्याला तेथील कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे लोक ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात तो, मिळाला होता. बातमी कळताच तो पत्नी व लहान मुलीसह धावत आला. यायचे होते तीन आठवड्यांसाठी. पण आईची उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली, आणि वडील पंचाहत्तरीचे. मुलगा गुंतत गेला. रजा संपली तेव्हा त्याने नोकरीचा राजीनामा पाठवून दिला. तिकडचे भाड्याचे घर एका मित्राकरवी सोडले. मुलीचे नाव येथल्या शाळेत घातले.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी तो आमच्या निवासावर आला. खिशातून ते कार्ड काढून त्याने टेबलावर ठेवले.

"फादर, मी परत जाऊ की राहू? एक मित्र म्हणतो, फार दिवस बाहेर राहणे बरे नव्हे."

आम्ही कार्ड उलटसुलट करून पाहिले. त्यावर मुदत छापली होती २०२३ सालापर्यंतची. आम्ही म्हणालो, "अरे, अजून जवळजवळ सात वर्षे आहेत. सरकारनेच तसे लिहून दिले आहे. तू आईजवळ राहा. नोकरी पुन्हा मिळेल, आई मिळायची नाही."

तो उजळलेल्या चेहऱ्याने गेला. कदाचित हेच ऐकण्यासाठी तो आला असावा. खरे सांगायचे, तर ते शेवटचे वाक्य बोलताना आम्हालाही मोठे समाधान वाटले होते. गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, चर्चचा कायदाही शिकलो. परक्या देशाच्या कायद्याविषयी आम्हाला काडीचेही ज्ञान नाही, हे मात्र त्या संध्याकाळी आमच्या मनातही आले नाही. त्याला येऊन सहा महिने पुरे व्हायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते.

२०१७ च्या पुनरुत्थान सणानंतर काही दिवसांनी माउलीने देह ठेवला. आम्ही तैलाभ्यंग केला तेव्हा मुलाने तिचा हात हातात धरला होता. मे महिन्यात तो सहकुटुंब परतला. अकरा महिने उलटले होते. तेथील विमानतळावर अधिकाऱ्याने त्याला बाजूला बसवून पुष्कळ विचारपूस केली, आईच्या मृत्यूचा दाखला पाहिला आणि अखेर आत सोडले. त्याचा फोन आला तेव्हा आम्ही देवाचे आभार मानले आणि प्रकरण मिटले असे समजलो.

ते मिटले नव्हते. परवाना मिळाल्याला पाच वर्षे होताच, ऑगस्ट २०१८ मध्ये, त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला. पुढल्या वर्षी मुलाखत झाली आणि अर्ज नामंजूर झाला. कारण एकच : सलग वास्तव्याची साखळी तुटली आहे.

त्यानंतर आम्ही हा विषय समजून घेऊ लागलो. जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण आज आमच्या वाडीवाडीतून कोणी ना कोणी तिकडे आहे.

कार्डावरची तारीख ही कार्डाची मुदत असते, बाहेर राहण्याची परवानगी नव्हे, ही पहिली गोष्ट. अमेरिकेत दोन तराजू वेगवेगळे आहेत. एक परवाना टिकण्याचा, दुसरा नागरिकत्व मिळण्याचा. परवानाधारक सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिला, तर परतताना त्याची नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी होऊ शकते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लोटला, तर नुसत्या कार्डावर प्रवेशाचा हक्क सांगता येत नाही. वकिलातीतून परतणाऱ्या रहिवाशाचा खास व्हिसा मागावा लागतो, आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने, हे सिद्ध करावे लागते. वर्षाच्या आत परतले म्हणजे सारे निर्धोक, असेही नाही. घर तेथे आहे काय, बँकेतील खाते आहे काय, आयकराचे विवरण तेथील रहिवासी म्हणून भरले काय, यावरून माणसाचा खरा संसार कोठे आहे ते अधिकारी ताडतात. दर सहा महिन्यांनी आठ दिवस तोंड दाखवून येणाऱ्यालाही हे प्रश्न चुकत नाहीत.

दुसरा तराजू अधिक नाजूक. नागरिकत्वासाठी सामान्यतः पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते. नागरिकाशी विवाह होऊन दोघे एकत्र नांदत असतील, तर तीन वर्षांचे. पाच वर्षांपैकी किमान ३० महिने देह त्या भूमीवर असावा लागतो. सहा महिन्यांहून अधिक, पण वर्षाहून कमी अशी एकच गैरहजेरी घडली, तरी साखळी तुटली असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीत खोडून काढता येते. नोकरी सोडली नव्हती, बायकामुले तेथेच होती, घर आपल्याच ताब्यात होते, असे पुरावे त्यासाठी लागतात. आता वाचकांनीच पाहावे. आमच्या त्या बांधवाने नोकरी सोडली होती, बायकोमुलीला बरोबर आणले होते आणि घरही सोडून दिले होते. खोडून काढण्यास त्याच्यापाशी आईच्या मृत्यूच्या दाखल्याखेरीज काही उरले नव्हते.

लांब मुक्काम अटळ असेल, तर निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना मागता येतो. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. अर्ज करताना माणूस अमेरिकेत हजर असावा लागतो. वसईत बसून तो करता येत नाही. शिवाय त्याने पहिला तराजू सावरतो, दुसरा नाही. परवाना टिकतो, पण नागरिकत्वाची तुटलेली साखळी त्याने सांधली जात नाही. पुष्कळजण येथेच फसतात.

या शोधात आम्हाला एक तरतूद सापडली आणि आम्ही ओशाळलो. धर्मगुरू, मिशनरी, ब्रदर व सिस्टर यांना अमेरिकेचा कायदा खास सवलत देतो. तेथे किमान एक वर्ष सलग राहिलेला परवानाधारक धर्मगुरू केवळ धर्मकार्यासाठी बाहेर गेला, तर अर्ज करून तो काळ तेथील वास्तव्यातच धरून घेता येतो. म्हणजे त्या माउलीला तैलाभ्यंग करणाऱ्या आमच्यासारख्याचे दिवस कायदा जमेस धरील, आणि तिला रात्रंदिवस कुशीवर वळवणाऱ्या, तिचे तोंड पुसणाऱ्या मुलाचे दिवस वजा करील! कायदा लिहिणाऱ्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्याला सवलत आहे त्याने, ज्याला नाही त्याला किती जपून सल्ला द्यावा, एवढेच आम्ही त्यातून घेतले. संत पौलाला रोमचे नागरिकत्व जन्माने लाभले होते, त्याला अटक करणाऱ्या सरदाराने ते पुष्कळ पैसे मोजून मिळवले होते. आमची मुले ते दिवस मोजून मिळवतात. त्या दिवसांशी आम्ही सैलपणे खेळलो.

कॅनडात असलेल्या आमच्या कुटुंबांसाठीही चार शब्द लिहितो, कारण तेथील रीत निराळी आहे आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावल्याने घोटाळे होतात. कॅनडा मुख्यतः बेरीज पाहतो. दर पाच वर्षांच्या काळात एकूण ७३० दिवस तेथे भरले, तर कायम वास्तव्य टिकते. दिवस सलग असण्याची सक्ती नाही. नागरिकत्वासाठी अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात. एका लांब मुक्कामाने तेथे साखळी तुटत नाही, मात्र बाहेरचा प्रत्येक दिवस नागरिकत्व तेवढे पुढे ढकलतो. म्हणून येण्याजाण्याच्या तारखांची टिपणवही तेथेही हवीच.

आता त्या कुटुंबाकडे वळू. अर्ज नामंजूर झाल्यावर त्याला परतल्या दिवसापासून जवळजवळ नव्याने वर्षे मोजावी लागली. इकडे वडील एकटे. वाडीतल्या केळी परक्याला करायला दिलेल्या, संध्याकाळी ओसरीवर बसून रोझरी म्हणायची आणि मुलाच्या फोनची वाट पाहायची. अमेरिकेत आईवडिलांना कायमचे नेण्यासाठी अर्ज करण्याचा अधिकार केवळ नागरिकाला असतो, नुसत्या परवानाधारकाला नाही. आणि नागरिकाच्या आईवडिलांना इतर नातलगांप्रमाणे वर्षानुवर्षांच्या रांगेत राहावे लागत नाही. मुलाला २०१९ मध्ये नागरिकत्व मिळाले असते, तर वडिलांसाठी दार उघडले असते. ते गेले असतेच, असे आम्ही म्हणणार नाही. वाडी सोडून बर्फात जाण्यास म्हातारा कदाचित राजी झालाही नसता. पण जाण्याचे नाकारणे वेगळे, आणि जाताच न येणे वेगळे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मुलाने पुन्हा अर्ज केला. डिसेंबरमध्ये वडील गेले. दफनाला तो पोहोचू शकला नाही; पाचव्या दिवशी आला. पुढल्या वर्षी तो नागरिक झाला, तेव्हा ज्यांच्यासाठी अर्ज करायचा ते दोघेही दफनभूमीत शेजारी शेजारी होते.

त्या भेटीत आम्ही त्याची क्षमा मागितली. आमची बदली झालेली होती. तरी मुद्दाम त्याच्या घरी गेलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, आईजवळ राहिलो याचे मला दुःख नाही. राहायचे तर होतेच. पण तारीख ठाऊक असती, तर घर सोडले नसते. बिनपगारी रजा मागून पाहिली असती. बायको आणि मुलगी तिकडे थांबल्या असत्या. डिसेंबरच्या आत मी एकदा जाऊन, सारे मार्गी लावून परत आलो असतो. आईही भेटली असती आणि बाबांसाठीही काही करता आले असते."

हे शब्द आम्ही विसरू शकत नाही. आम्ही त्याला आई किंवा नोकरी यांतून निवड करायला लावले होते, आणि ती निवड मुळात करण्याची गरजच नव्हती. तारखा ठाऊक असत्या, तर दोन्ही कर्तव्ये साधण्याची वाट होती. घरच्या माणसांनी दिवस मोजले म्हणून माया आटत नाही. उलट आजारी आईच्या खाटेजवळ बसलेल्या मुलाचे दिवस दुसऱ्या कोणीतरी मोजायला हवेत, कारण त्या वेळी त्याला स्वतःला ते सुचत नाही.

म्हणून आजही परदेशातून आलेल्यास आम्ही पायऱ्यांवर तोच प्रश्न विचारतो, पण पुढे आणखी दोन जोडतो : तेथून निघालास त्या दिवसाची तारीख कोणती, आणि जाणकार वकिलाला विचारलेस काय? सल्ला मात्र देत नाही. कायदे बदलतात, आणि प्रत्येकाचे कागद निराळे असतात. आईवडिलांनाही आमची विनंती आहे. सुकेळी आणि लोणच्याबरोबर मुलाच्या परतीची तारीखही ध्यानात ठेवा. ती जवळ आली, की "अजून थोडे राहा" म्हणण्यापूर्वी एकदा दिनदर्शिका पाहा. तुमच्या त्या चार शब्दांना मुलगा नाही म्हणू शकत नाही. आमच्या शब्दांनाही तो नाही म्हणू शकला नव्हता.