तव्याच्या पाठीवरचा इतिहास

१/
अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या बाजारात ओतीव लोखंडाचा, म्हणजे मराठीतल्या बिडाचा, तवा हाती आला की जाणकार तो आधी पालथा करतो. स्वयंपाक पोटात होतो, पण इतिहास पाठीवर असतो. हा तवा कुणी घडवला, या एका प्रश्नाचे उत्तर पाठीवरच्या खुणांतून कसे वाचतात, त्याचा हा धागा.

२/
सुरुवात इंग्लंडमध्ये. १७०७ साली अब्राहम डार्बी याने रेतीच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. भांडी पातळ झाली, हलकी झाली आणि सामान्य घरांना परवडू लागली. पुढच्या दोन शतकांतले बहुतेक बिडाचे तवे याच रेतीच्या वंशातले.

३/
रेतीचा साचा एकदाच वापरता येतो. तवा निघाला की तो मोडतो. पण मोडण्यापूर्वी तो आपली खूण लोखंडावर ठेवून जातो. तळाच्या मध्यावर लांबट, उंचावलेला वण दिसला, तर रस तिथूनच साच्यात ओतला होता. पुढे ओतण्याचे तोंड कडेला गेले. म्हणून असा वण असलेले भांडे बहुधा १८९० च्या आधीचे मानतात. अशा भांड्यांवर निर्मात्याचे नाव क्वचितच असते.

४/
दुसरी खूण तळाच्या कडेने फिरणारे उठावदार कडे. लाकूड-कोळशाच्या शेगडीला वर गोल तोंडे असत. त्यांवर तवा नीट बसावा म्हणून हे कडे. तव्यावरचा ‘८’ हा आकडाही इंचांचा नव्हे, शेगडीच्या तोंडाच्या मापाचा. आठ नंबरचा तवा प्रत्यक्षात साधारण साडेदहा इंचांचा भरतो. शेगडी गेली, आकडा मात्र राहिला.

५/
आता नावे. पेनसिल्व्हेनियातील एरी शहरात १८६५ साली ग्रिसवोल्डचा उद्योग सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या तव्यांवर कंपनीचे नाव नाही, नुसते ‘एरी’ हे गावाचे नाव आहे. वर्तुळातल्या क्रॉसचे प्रसिद्ध चिन्ह नंतर आले. त्यातील अक्षरे तिरकी की सरळ, चिन्ह मोठे की लहान, यावरून तव्याचा काळ ठरवता येतो.

६/
ओहायोतील सिडनी येथे १८९१ साली वॅग्नर उभी राहिली. टेनेसीतील साउथ पिट्सबर्ग येथे जोसेफ लॉज याने १८९६ साली ब्लॅकलॉक नावाची ओतशाळा काढली. ती १९१० साली जळाली आणि नव्या जागी लॉज या नावाने पुन्हा उभी राहिली. लॉजच्या अनेक जुन्या तव्यांवर नावच नाही. तळाच्या कड्यातल्या तीन खाचा, हीच त्यांची ओळख.

७/
म्हणजे नाव नसले तरी निर्माता सापडू शकतो. याची उलट बाजूही खरी आहे: नाव असले म्हणून निर्माता सापडला असे होत नाही. सियर्स या बड्या विक्रेत्यासाठी ग्रिसवोल्डने ओतलेल्या काही तव्यांवर ‘प्युरिटन’ असे नाव आहे. १९५७ साली ग्रिसवोल्डचा एरीतला कारखाना बंद पडला आणि पुढे तिच्या नावाची भांडी वॅग्नरच्या सिडनीत ओतली गेली. ठसा एकाचा, हात दुसऱ्याचे.

८/
त्यात बनावटगिरी आली. अस्सल तवाच पॅटर्न म्हणून रेतीत दाबून नवा ओतला, की नावासकट नक्कल तयार होते. पण थंड होताना ओतीव लोखंड फुटामागे सुमारे १/८ इंच आकसते. कारखान्याचा पॅटर्न हे जाणून मोठाच केलेला असतो. तव्यावरून घेतलेल्या साच्यात ती तजवीज नसते. साडेदहा इंचांच्या तव्याची नक्कल जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर लहान भरते. अक्षरे बोथट होतात, पृष्ठभाग खरबरीत राहतो. माणूस खोटे बोलतो. माप बोलत नाही.

९/
‘कुणी घडवला’ या प्रश्नाचा खोल अर्थ मात्र कंपनीच्या नावापाशी संपत नाही. काही तव्यांच्या पाठीवर आकड्यांपासून दूर एखादे एकटे अक्षर असते. ती बहुधा साचा भरणाऱ्या ओताऱ्याची खूण. या कामगारांना मजुरी नगावर मिळे. फुटका किंवा सदोष नग त्यांच्या हिशेबातून कापला जाई. म्हणून कुणाचा नग कोणता, हे कळणे दोघांनाही हवे होते.

१०/
अमेरिकेतील लोखंड-ओताऱ्यांनी १८५९ साली फिलाडेल्फियात आपली राष्ट्रीय संघटना उभारली, त्यामागेही मजुरीचेच झगडे होते. मालकाचे नाव मोठ्या ठशात, कामगाराचे एका अक्षरात. त्या अक्षराचा धनी कोण, हे सांगणारी वही बहुतेक ठिकाणी उरलेली नाही. लोखंड तेवढे उरले आहे.

११/
आणि तेही सुरक्षित नाही. गंज काढण्याच्या उत्साहात पाठीवर ग्राइंडर फिरवला की वण, अक्षर, ठसा सारेच पुसले जाते. जळके थर काढायला तवा जाळात टाकला तर तो वाकतो, लालसर पडतो. कॉस्टिकने थर सुटतात, विद्युत-विच्छेदनाने गंजही निघतो, आणि खालच्या लोखंडाला धक्का लागत नाही. तवा चकचकीत करणे म्हणजे तो जपणे नव्हे.

१२/
कागद जाळला तर दस्तऐवज गेला, हे सर्वांना कळते. तव्याची पाठ घासून काढली तरी दस्तऐवजच जातो, फक्त त्याचा धूर दिसत नाही. म्हणून जुने भांडे हाती आले की आधी पालथे करावे, तिरप्या उजेडात धरावे, वाचावे. घासणे त्यानंतर.